वरातीच्या गाडीवर चढणारं गाणं

खानदेशात कुणी ‘आमचा बँड आहे’ म्हटलं की समोरून पहिला प्रश्न येतो, ‘लग्नाचं काय घेता?’ आणि दुसरा, ‘गाडी स्वतःची का भाड्याची?’ एक गिटार, एक बेस, एक ड्रमसेट आणि एक गाणारा एवढ्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या पोरांना मग खुलासा करत बसावं लागतं की तो बँड नाही, रॉक बँड. ऐकणारा समजल्यासारखी मान डोलावतो आणि विचारतो, ‘म्हणजे हळदीला नाही येत?’

या प्रश्नाचा राग धरण्यात अर्थ नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात नवं गाणं पसरतं ते वरातीच्या गाडीवरून. पुढे भोंगे बांधलेले, मागे जनरेटर, वर कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडवाले, खाली ट्रम्पेट-क्लॅरिनेट फुंकत चालणारी माणसं. मोबाइलवर आकडे कितीही फिरोत, गाणं त्या गाडीवर चढलं की मगच ओट्यावरची म्हातारी आणि चौथीतली पोरं ते गुणगुणायला लागतात. रॉक बँडचा सिंगल, म्हणजे सुटं प्रसिद्ध होणारं एक गाणं, बंद खोलीत तयार होतो, निकाल मात्र रस्त्यावर लागतो. रस्त्यावरचा परीक्षक गिटारचा टोन बघत नाही, माइकची किंमत विचारत नाही. तो चाल उचलतो आणि निघून जातो. तेव्हा सिंगलची आखणी उलटीकडून, म्हणजे गाडीच्या टोकाकडून करत यावी.

पहिला निर्णय सुराचा. गिटारवाल्यांचा लाडका सूर ई, म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी तीन. मोकळ्या तारा वाजतात, बोटांना सोपं जातं, म्हणून निम्मी रॉक गाणी तिथेच जन्मतात. पण वरातीतले ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट बी फ्लॅटचे असतात. त्यांनी स्वतःचा सा वाजवला की कानाला काळी पाच ऐकू येते. त्यामुळे मूळ गाणं जिथे आहे त्याच्या एक पूर्ण स्वर वर त्यांना बोटं ठेवावी लागतात. ई मेजरमधलं गाणं ट्रम्पेटवाल्याच्या हातात काळी तीनचं होतं, सहा शार्पवालं, म्हणजे सहा स्वर अर्ध्यानं चढवलेले. तो ते वाजवणार नाही, किंवा स्वतःच्या सोयीच्या सुरात ओढून नेईल, आणि मग वरचे कीबोर्डवाले आणि खालचे फुंकणारे यांच्यात अर्ध्या सुराची मारामारी सुरू होईल.

यावर दोन तोडगे आहेत आणि दोन्ही गिटारवाल्याला आवडणारेच आहेत. गाणं मेजर असेल तर सहाही तारा अर्धा स्वर उतरवायच्या. ई चा ई फ्लॅट झाला, म्हणजे काळी दोन. ट्रम्पेटला ते पांढरी चारचं पडतं, एकच फ्लॅट, म्हणजे एकच स्वर अर्ध्यानं उतरवलेला. अर्धा स्वर उतरवल्यावर तारेचा ताण साधारण ११ टक्के कमी होतो, म्हणून ९-४२ चा बारीक तारांचा सेट असेल तर १०-४६ चा जाड चढवावा, नाहीतर तार फडफडते आणि जोरात मारलं की सूर क्षणभर वर जाऊन खाली येतो. तारा बदलल्या की इंटोनेशन, म्हणजे मानेवर वरपर्यंत सूर बरोबर लागणं, पुन्हा लावायचं, हे विसरणारे पुष्कळ. गाणं मायनर असेल तर फक्त सहावी तार ई वरून डी वर आणायची. ड्रॉप डी म्हणजे रॉकच्या रिफचं, पुन्हापुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्याचं, माहेरघर. डी मायनर, म्हणजे पांढरी दोन, ट्रम्पेटवाल्याला ई मायनर होऊन भेटते. एकच शार्प, बोटं मोकळी.

मुखडा एका सप्तकात बसवावा, फार तर वर एक-दोन स्वर. गाणाऱ्याला त्याहून वर जाता येत असेल तर अंतऱ्यात जावं. वरातीत तीन-तीन तास फुंकणाऱ्याच्या ओठांचा विचार करायला हवा. उंच सुरावर चार मात्रा थांबायचं असेल तर पहिल्या तासात तो थांबेल, तिसऱ्या तासात ती जागा गाळेल.

लांबी तीन ते साडेतीन मिनिटं. हे माप फार जुनं आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर साधारण तेवढंच मावायचं. १९४९ मध्ये अमेरिकेत ४५ फेऱ्यांची सात इंची तबकडी आली, एका बाजूला एक गाणं, आणि सिंगल हा शब्द त्याच रुपात जगभर गेला. तबकड्या गेल्या, माप राहिलं. आता त्याला आणखी एक कुंपण आहे: स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद ऐकलं गेलं तरच ते मोजलं जातं. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, चार मात्रांची एक बार दोन सेकंदांची. चार बारची सुरुवात म्हणजे ८ सेकंद, आठ बारचा अंतरा म्हणजे १६; मुखडा २४ व्या सेकंदाला सुरू होतो आणि ३० सेकंदांच्या आत त्याची पहिली ओळ कानावर पडते. रॉकवाल्यांना एक मिनिटाची गिटारची प्रस्तावना फार आवडते. ती मैफलीसाठी ठेवावी.

आता शब्द. अहिराणीत गायचं ठरवलं तर आधी हे ठरवा की कुठली अहिराणी. साक्रीकडची, चाळीसगावकडची, बागलाणातली, सगळ्यांची लकब वेगळी. रावेर-यावलची लेवा गणबोली तर वेगळीच. बहिणाबाई चौधरींची कविता त्या बोलीतली, पण बाहेरचे लोक तिला सरसकट अहिराणी म्हणून मोकळे होतात आणि दोन्हीकडच्यांना ते खटकतं. २०११ च्या जनगणनेत ‘खानदेशी’ भाषेखाली १८ लाखांहून जास्त माणसांची नोंद आहे. एवढ्यांपैकी एकाला जरी एक क्रियापद परकं वाटलं तरी तो ते सांगायला चुकणार नाही. दोन बोलींची खिचडी गाण्यात लगेच उघडी पडते. एका गावाची बोली धरावी आणि त्या गावातल्या एखाद्या आजीसमोर ओळी म्हणून दाखवाव्यात.

गाण्यासाठी ही बोली किती सोयीची आहे हे माइकसमोर उभं राहिल्यावर कळतं. ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘काळा’चा ‘काया’. लांब सुरावर ‘ळ’ धरता येत नाही, जीभ वळते आणि सूर तिथेच तुटतो; ‘य’ मात्र दोन स्वरांमधून निसटून जातो आणि आवाज अखंड राहतो. उलट ‘शे’ हा शब्द छळतो. ‘पानी नही शे’ अशी ओळ दर अंतऱ्याच्या शेवटी आली की प्रत्येक ‘श’ला वरच्या पट्ट्यात फसफस उसळते, आणि भोंग्यातून ती थेट कानात टोचते. ही फसफस दाबणारा डी-एसर लावता येतो, पण जास्त लावला की गाणारा बोबडा वाटतो. साधा उपाय असा की माइक तोंडाच्या सरळ रेषेत न ठेवता थोडा वर, नाकाच्या उंचीवर ठेवून खाली झुकवायचा आणि सहा ते आठ इंचांवरून गायचं. ‘श’चा वारा खालून निघून जातो.

रेकॉर्डिंगचा दिवस ठरवण्याआधी वायरमनला बोलवा. खानदेशात गाणी सगळ्यात जास्त बिघडतात ती अर्थिंगपायी, आणि दोष दिला जातो गिटारला. इथली बरीचशी जमीन काळी, कापसाची. चैत्र-वैशाखात ती वाळते, आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भिंतीलगतच्या खड्ड्यात पुरलेल्या अर्थिंगच्या पाइपाभोवतीची माती अशीच पाइप सोडून मागे सरकते. कोळसा-मीठ घातलेलं असलं तरी पाणी नाही म्हटल्यावर त्याचा उपयोग उरत नाही. मग गिटारच्या अँपमधून ५० हर्ट्झची ती गुणगुण सुरू होते, तारांवर हात ठेवला की कमी होते, हात काढला की वाढते. गिटार गळ्यात असलेल्या गाणाऱ्याचे ओठ माइकच्या जाळीला लागले की मुंग्या येतात. हे हसण्यावारी न्यायचं लक्षण नाही. माइक आणि अँप वेगवेगळ्या जागी अर्थ झालेत आणि दोघांमधला फरक त्या माणसाच्या अंगातून वाहतोय.

मल्टिमीटर घेऊन तीन मोजमापं करायची. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये जवळजवळ तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. शेवटचा आकडा १५-२० दाखवत असेल तर काम थांबवा. आदल्या संध्याकाळी अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता, सकाळी पुन्हा मोजा. कित्येकदा एवढ्यानंच भागतं. नाही भागलं तर खड्डा नवा करावा लागेल. गुणगुण घालवायला प्लगची तिसरी पिन तोडून टाकणारे महाभाग गावोगाव आहेत. गुणगुण जाते खरी, पण त्याबरोबर जीव वाचवणारी वाटही जाते. सगळं सामान एकाच बोर्डावरून घ्या, फ्रिज आणि पाण्याची मोटर त्या लाइनवर नको. घरातला इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर तो गुणगुणीऐवजी करवतीचा आवाज देईल. रेकॉर्डिंगला साइन वेव्हचाच लागतो. आणि गाव शेताला लागून असेल तर शेतीपंपांची रात्रपाळी कधी सुरू होते ते विचारून घ्या. एकदम मोटरी लागल्या की व्होल्टेज बसतं आणि ऐन टेकमध्ये इंटरफेस, म्हणजे आवाज लॅपटॉपमध्ये घेणारी पेटी, बंद होऊन परत चालू होतो.

रात्रपाळीची चौकशी अशासाठी की दिवसा रेकॉर्डिंग होत नाही. मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो, कूलरशिवाय खोलीत बसणं अशक्य, आणि कूलर म्हणजे माइकसाठी धबधबा. शिवाय कूलरची दमट हवा कंडेन्सर माइकच्या पडद्यावर बसली की तो तडतडायला लागतो. कूलर चालू असताना लावलेली गिटार, कूलर बंद केल्यावर खोली तापली की तारा सैल पडून उतरते. टेकच्या अर्धा तास आधी कूलर बंद करून मगच सूर लावायचे. कोरड्या उन्हाळ्यात गिटारच्या मानेचं लाकूड आक्रसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन तळव्याला ओरखडतात. साबणाच्या जुन्या डबीला भोकं पाडून त्यात ओला स्पंज घालून गिटारच्या पेटीत ठेवला की हे पुष्कळ टळतं. लॅपटॉपही तापतो. तापला की स्वतःचा वेग कमी करतो आणि आवाजात टिकटिक येते. वाजवताना बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सँपल ठेवला तर ४८ हजारांच्या दरानं पावणेतीन मिलिसेकंदांच्या आतबाहेर उशीर होतो, तो कुणाला जाणवत नाही. टिकटिक आली तर २५६ करा. मिक्सिंगला १०२४ ठेवून निवांत बसा.

खोली बहुतेक वेळा दहा बाय बाराची, छत दहा फुटांवर. अशा खोलीत १२ फुटांच्या दिशेनं ४७ हर्ट्झ आणि दहा फुटांच्या दोन्ही दिशांनी ५६ हर्ट्झ असे घुमारे उभे राहतात. बेसची ए ची मोकळी तार ५५ हर्ट्झची. म्हणजे बाकी स्वर नीट आणि ए आला की भांडी वाजतात. वाजवणाऱ्याचा हात जड आहे असं सगळे समजतात. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून यातलं काहीही होत नाही. ते आवाज अडवत नाहीत आणि खालचे घुमारेही शोषत नाहीत, फक्त धूळ धरतात. कापसाच्या मुलुखात गाद्या-गोधड्यांची कमतरता नाही. जाड गादी भिंतीपासून चार बोटं सोडून टांगली की गाण्याच्या पट्ट्यातला खणखणाट बसतो. घुमाऱ्यासाठी कोपऱ्यात चार इंची रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर), घनमीटरला ४८ किलो घनतेचं, कापडात गुंडाळून उभं करावं. तेही नसेल तर बेस अँपवर वाजवूच नका, वायर थेट इंटरफेसला द्या. खोलीचा प्रश्नच मिटला.

ड्रमला चार माइक पुरतात: एक बासड्रमला, एक स्नेअरला, दोन डोक्यावर. डोक्यावरचे दोन्ही माइक स्नेअरच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर हवेत. फूटपट्टीची गरज नाही. सुतळीचं एक टोक स्नेअरवर बोटानं दाबून धरायचं, दुसरं एका माइकला लावून गाठ मारायची, तीच गाठ दुसऱ्या माइकला लागते का बघायचं. दोन अंगुळांचा फरकही स्नेअरला पोकळ करतो, कारण आवाज एका माइकला आधी आणि दुसऱ्याला नंतर पोहोचतो आणि ते एकमेकांना खातात. ही गाठ मारायला दोन मिनिटं लागतात. नंतर संगणकात तेच दुरुस्त करायला अख्खी संध्याकाळ जाते आणि पूर्ण होत नाही ते वेगळंच.

क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या लयीच्या ठोक्यावर, वाजवणं इथल्या ड्रमरला सुरुवातीला जाचतं. मुखड्यात लय चढते, ती चढलीच पाहिजे असं अंगच सांगत असतं. अंगाचं ऐका. अंतरा ११८, मुखडा १२० अशी क्लिक आधीच बसवून द्या. ऐकणाऱ्याला कळत नाही आणि वाजवणाऱ्याचं भांडण मिटतं.

रॉकची भिंत उभी राहते ती दुहेरी गिटारनं, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही वेगवेगळी वाजवून घ्यायची. एकच टेक नक्कल करून दुसऱ्या बाजूला ठेवला तर दोन बाजू होतच नाहीत. त्यावर उपाय म्हणून एक बाजू १५ मिलिसेकंद मागे सरकवणारे बरेच आहेत. हेडफोनवर ते रुंद, भव्य ऐकू येतं. मग ते गाणं वरातीच्या गाडीवर जातं. तिथे डावं-उजवं नसतंच. दोन बाजू एकत्र झाल्या की १५ मिलिसेकंदांच्या फरकानं दर ६७ हर्ट्झच्या अंतरावर आवाजाला खाचा पडतात आणि गिटार पत्र्याच्या नळीतून आल्यासारखी वाजते. म्हणून मिक्स करताना मोनोचं, दोन्ही बाजू एक करणारं बटण रोज दाबायचं. मोनोत जे टिकत नाही ते गाण्यात नाहीच असं धरून चालायचं.

त्याहून मोठी फजिती ऑक्सच्या वायरीची. मोबाइलमधून बाहेर येणारी पिन स्टिरिओ, डावं-उजवं वेगळं. ती बँडच्या मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये खुपसली की मिक्सर डाव्यातून उजवं वजा करतो. दोन्ही बाजूंना सारखं असलेलं सगळं गायब होतं: गाणाऱ्याचा आवाज, बेस, बासड्रम. उरतात त्या कडेच्या गिटारी आणि रिव्हर्बचे पडसाद. मंडपात गाणं चालू आहे, पोरं माना वळवून बघताहेत, गाणारा कुठे गेला कुणाला कळत नाही. आणि शिव्या मिक्सिंग करणाऱ्याला. दोष वायरीचा असतो. दहा-वीस रुपयांत काम भागवणाऱ्या वायरीत जमिनीची तार तुटलेली असली तरी हेच होतं. गाण्याबरोबर गाडीवाल्याला एक धड, डावं-उजवं वेगळं काढणारी वायर भेट द्यावी. जाहिरातीवर घालवलेल्या पैशांपेक्षा तिचा उपयोग जास्त.

भोंगा साधारण तीनशे हर्ट्झच्या खालचं काही देत नाही, मोबाइल तर त्याहून कमी. खालच्या डी वरचा बेस ३७ हर्ट्झचा. तो कितीही वाढवला तरी तिथे पोहोचणार नाही, वर असलेली जागा मात्र खाऊन टाकेल. बेसच्या ट्रॅकची एक नक्कल करून तिच्यावर भरपूर डिस्टॉर्शन द्यायचं, म्हणजे आवाज मुद्दाम फाडायचा, तिचं ३०० च्या खालचं कापायचं आणि मूळ बेसच्या खाली हलकेच मिसळायचं. भोंग्यावर मग बेसचा सांगाडा ऐकू येतो आणि कान खालचं स्वतःच भरून घेतो.

मास्टरिंगबद्दल, म्हणजे मिक्सनंतरच्या शेवटच्या हाताबद्दल, फार बोलण्यासारखं नाही. यूट्यूब आणि स्पॉटिफाय आवाज उणे १४ एलयूएफएसच्या (हे गाण्याचा सरासरी मोठेपणा मोजायचं माप) आसपास आणून ठेवतात, म्हणजे तुम्ही उणे ७ पर्यंत ठेचलंत तरी ते खाली ओढणार. पण गाडीवर पेनड्राइव्ह चालतो, तिथे कुणी ओढत नाही. उणे १० च्या आसपास ठेवावं, शिखर उणे एक डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये, आणि फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

कागदपत्रं मात्र गाणं प्रसिद्ध होण्याआधीच. शब्द कुणाचे, चाल कुणाची, कुणाचा किती टक्के, एका कागदावर लिहून चौघांच्या सह्या. बँड फुटतात ते सहसा या न लिहिलेल्या कागदावरून. नावं आधारकार्डावरची पूर्ण लिहा, टोपणनावानं रॉयल्टी येत नाही. गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) सभासदत्व घ्यावं. १९६९ पासून ही संस्था त्यांच्या वतीनं वसुली करते. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-आकड्यांचा आयएसआरसी हा ओळख क्रमांक लागतो, तो गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोहोचवणारा वितरक देतो. पुढे वितरक बदललात तर तोच क्रमांक पुन्हा द्यायचा, नाहीतर जुने आकडे शून्यावर येतात. तयार लूप, म्हणजे पुन्हापुन्हा फिरणारा वाद्यांचा तुकडा, विकत घेऊन वापरला असेल तर यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे गाणं ओळखून दावा लावणाऱ्या व्यवस्थेत, गाणं घालू नका. तोच लूप वापरणाऱ्या दुसऱ्या कुणावर तुमच्या नावानं दावा लागतो, किंवा त्याचा तुमच्यावर.

तारीख पंचांग बघून ठरवावी. रॉकवाले हसतात, पण लग्नं तुळशीविवाहापासून सुरू होतात, पौषात थंडावतात आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास ऐन भरात येतात. आखाजीला गाणं लोकांच्या तोंडी हवं तर ते मार्चअखेर बाहेर आलं पाहिजे, म्हणजे वितरकाकडे महिन्याच्या सुरुवातीलाच गेलं पाहिजे. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं तर किमान सात दिवस आधी. गाणं बाहेर पडलं की ऐकणाऱ्यांच्या शहरांच्या आलेखात सुरतेचं नाव वर दिसलं तर चकित होऊ नये. उधना-लिंबायतमध्ये राहणारा खानदेशी माणूस गावाकडच्या बोलीला फार हळवा असतो. हजाराचा आकडा आधी गाठा. स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला २०२४ पासून पैसे मिळत नाहीत.

पहिल्या आठवड्यात येणारी हमखास तक्रार अशी: ‘भाऊ, स्पीकर फाटेल शे का?’ डिस्टॉर्शनची सवय नसलेल्या कानाला ते बिघाडच वाटतं, आणि तो कान चुकत नाही, कारण तत्त्वतः तो बिघाडच आहे. पहिल्या अंतऱ्यात गिटार स्वच्छ ठेवून मुखड्याला फाडली तर ऐकणाऱ्याला कळतं की हे मुद्दाम केलंय. सुरुवातीपासूनच फाडली तर तो मोबाइल हापटून बघतो. दुसरी तक्रार बोलीची, तिच्याबद्दल वर लिहिलंच आहे. तिसरी कुणी करत नाही, पण असते: घरात बाया ऐकत असताना लावता येईल का. कानबाईच्या, खानदेशातल्या त्या देवीच्या, रात्री जागवणाऱ्या बायकांनी एखादं गाणं उचललं तर त्याला मरण नाही, हे गाडीवालेही मान्य करतील.

आणि मग एक दिवस ते गाडीवर वाजतं. याचे पैसे मिळत नाहीत, हे आधीच ठाऊक असावं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधल्या झेडए उपकलमात धार्मिक समारंभातल्या वादनाला सूट आहे आणि स्पष्टीकरणात वरातीचा उल्लेख शब्दशः केलेला आहे. लग्नाशी जोडलेल्या इतर समारंभांचाही आहे. हॉटेलांतल्या लग्नांवरून त्या ओळीवर कोर्टबाजी झालेली आहे, गल्लीतल्या वरातीवरून भांडायला मात्र कुणी जात नाही. तेच वादन कुणी रेकॉर्ड करून स्वतःच्या नावानं यूट्यूबवर चढवलं तर गोष्ट वेगळी. तिथे परवानगी लागते, आणि मागितली तर हसतमुखानं द्यावी.

वाट बघत बसण्यापेक्षा गाडीवाल्याकडे आपणच जावं. हंगाम सुरू व्हायच्या आधी या मंडळींचा सराव चालतो, तेव्हा. सोबत एक कागद न्यायचा. त्यावर मुखडा देवनागरीत सरगमात, मात्रांच्या खुणांसह. खाली बी फ्लॅटच्या वाद्यांसाठी सूर वेगळा लिहिलेला, म्हणजे त्यांना डोक्यात हिशेब करावा लागत नाही. अंतऱ्याची एकच ओळ, दुसरी ते ऐकून बसवतात. रिफ गाता येत असेल तरच लिहावी. जी रिफ तोंडानं म्हणता येत नाही ती क्लॅरिनेटवरही येत नाही. लय १२० लिहिलेली असली तरी मंडप जवळ आला की ती ९० वर येणार आणि सरळ चारच्या ठेक्यात ऑक्टोपॅडवाला स्वतःचा झोल घालणार, त्याला अडवू नये. दुसऱ्या अंतऱ्यानंतरचा तो सोळा बारचा गिटारचा तुकडा, ज्याच्यावर चौघांनी तीन रात्री घालवलेल्या असतात, तो कागदावर लिहायचाच नाही. तिथे गाडीवाला काहीतरी मनचं वाजवतो, आणि बहुतेक वेळा ते मूळच्यापेक्षा बरं असतं.